आदर, अनुग्रह आणि हक्क : बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या मानवी हक्कविषयक लेखनाची भाषिक चिकित्सा

१

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने १६ जून २०११ रोजी ‘व्यवसाय आणि मानवी हक्क’ यासंबंधीच्या ३१ मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली. तेव्हापासून बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या व्यवहारात एक स्वतंत्र लेखनप्रकार स्थिर होत गेला आहे. कंपनीचे मानवी हक्कविषयक धोरणपत्र, तिची आचारसंहिता, वार्षिक अहवालातील एतद्विषयक प्रकरण आणि कारखान्याच्या भिंतीवरील सूचनाफलक ही त्याची ठळक रूपे होत. या लेखनाचा विचार बहुधा कायद्याच्या किंवा व्यवस्थापनशास्त्राच्या अंगाने होतो. परंतु कामाच्या जागी हक्कांविषयी आदर निर्माण करावयाचा, असे जेव्हा एखादी कंपनी म्हणते, तेव्हा तिच्या हाती प्रथमतः असतात ते शब्दच. ते शब्द कोणत्या जातीचे आहेत, वाक्यात कामगाराला कोणते स्थान दिले गेले आहे, आणि त्या वाक्याच्या बळावर कामगाराला काही करता येते की नाही, हे प्रश्न भाषाभ्यासाच्या कक्षेतील आहेत. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने या लेखनप्रकाराची चिकित्सा केली आहे.

२

मार्गदर्शक तत्त्वांची मांडणी तीन क्रियापदांवर उभी आहे. हक्कांचे संरक्षण करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य; हक्कांचा आदर करणे ही कंपनीची जबाबदारी; आणि हानी झाली असता दाद मिळणे ही पीडिताची गरज. ही त्रयी जॉन रगी यांनी २००८ मध्ये परिषदेपुढे ठेवली होती. तिच्यातील मधले क्रियापद मराठीत आणताना ‘आदर करणे’ किंवा ‘सन्मान करणे’ असा प्रयोग सर्रास केला जातो. येथेच पहिली अडचण उद्भवते.

इंग्रजी विधिभाषेत ‘रिस्पेक्ट’ हा शब्द भावनावाचक नाही. अकराव्या तत्त्वात त्याचा आशय स्पष्ट केलेला आहे : दुसऱ्याच्या हक्काला बाधा आणू नये, आणि आपल्यामुळे बाधा आली असेल तर तिचे निवारण करावे. मराठीतील ‘आदर’ मात्र मनोवृत्तीचा वाचक आहे. शिवाय त्याला एक दिशा आहे. आदर वडीलधाऱ्यांचा, गुरूंचा, पाहुण्यांचा केला जातो. तो खालून वर वाहतो. वरिष्ठाने कनिष्ठाविषयी बाळगावयाच्या वृत्तीला मराठीत माया, दया, कृपा, सौजन्य अशी नावे आहेत. त्यामुळे ‘कंपनी कामगारांच्या हक्कांचा आदर करते’ हे वाक्य मराठी कानाला मोठ्याने लहानाशी दाखविलेल्या सौजन्यासारखे ऐकू येते. सौजन्याचा अभाव खटकतो खरा; परंतु त्याबद्दल कोणी दाद मागत नाही. मूळ संज्ञेतील निषेधाचा आणि निवारणाचा आशय अशा रीतीने भाषांतरातच गळून पडतो. ‘हक्क पाळणे’ किंवा ‘हक्कास बाधा न आणणे’ हे साधे प्रयोग त्या आशयाला अधिक जवळचे आहेत. वचन पाळतात, करार पाळतात, नियम पाळतात. ज्याचा भंग होऊ शकतो तेच पाळले जाते.

‘हक्क’ या शब्दाचा इतिहासही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. मूळ अरबी शब्दात सत्य आणि न्याय्य वाटा असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत तो वतनव्यवस्थेतून रुळला. जुन्या वतनी कागदांत हक्क आणि मानपान यांचा उल्लेख जोडीने येतो. तेथील हक्क जातीने आणि जन्माने बांधलेला होता. सर्व माणसांचा सारखा हक्क ही कल्पना त्या व्यवस्थेला परकी होती. महारवतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणावे लागले, ते याच कारणाने. तथापि त्या जुन्या प्रयोगाचे व्याकरण मोठे बळकट होते. हक्क कोणाचा, कोणाकडून, कशाचा आणि किती, हे त्यात नेमके सांगितलेले असे. हक्कदार स्वतः हक्क वसूल करी. आजही मराठीत हक्क सांगतात, मागतात, बजावतात. ‘हक्काने’ हे क्रियाविशेषण तर मागणाऱ्याच्या ताठ मानेचेच वाचक आहे. या सर्व प्रयोगांत कर्ता आहे तो हक्कदार. मानवी हक्कांच्या कल्पनेने वतनी हक्कातील विषमता टाकून दिली, हे योग्यच झाले. पण तिच्याबरोबर हे कर्तृत्वही टाकून दिले जाण्याचा धोका आहे. कंपन्यांच्या लेखनात तो धोका प्रत्यक्षात उतरलेला दिसतो.

३

मीमांसकांनी वाक्यांचे जे वर्गीकरण केले, ते या लेखनप्रकाराच्या परीक्षणास फार उपयोगी पडते. अमुक करावे वा करू नये असे सांगणारे वाक्य तो विधी किंवा निषेध. आणि एखाद्या गोष्टीची स्तुती वा निंदा करणारे वाक्य तो अर्थवाद. अर्थवादाला स्वतंत्र प्रामाण्य नाही. कोणत्या तरी विधीशी त्याची एकवाक्यता होत असेल तरच तो सार्थ ठरतो. देवतेची स्तुती ऐकणाऱ्याने काय करावे हे सांगणारे वाक्य जवळ नसेल, तर ती स्तुती कितीही सुंदर असली तरी प्रवर्तक होत नाही.

कंपन्यांच्या धोरणपत्रांचा मोठा भाग अर्थवादाचा असतो. मनुष्याची प्रतिष्ठा, विविधतेचे मोल, विश्वासाचे वातावरण यांची स्तुती त्यांत भरपूर आढळते. ती स्तुती खोटी असते असे नव्हे. विचारावयाचे ते हे, की तिच्या शेजारी विधिवाक्य आहे काय? आणि असल्यास ते कोणत्या रूपात आहे?

मराठी रूपांतरांत या जागी बहुधा भविष्यकाळी कर्मणी रचना येते : ‘तक्रारीची दखल घेतली जाईल’, ‘भेदभाव खपवून घेतला जाणार नाही’ या धर्तीची. बाह्यतः ही रचना कायद्याच्या भाषेसारखीच भासते. कारण मराठी अधिनियमांतही बंधन व्यक्त करण्यासाठी भविष्यकाळ वापरण्याची पद्धत आहे. परंतु अधिनियमातील ‘देईल’ ही आज्ञा असते, कारण तिच्यामागे न्यायालय उभे असते. धोरणपत्रातील ‘दिले जाईल’ हे केवळ आश्वासन असते. रूप तेच, पण बळ वेगळे. शिवाय या कर्मणी रचनेत कर्ता सहज लोपतो. दखल कोण घेणार, किती दिवसांत घेणार, न घेतल्यास पुढे काय, या प्रश्नांना वाक्यात जागाच उरत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. मार्गदर्शक तत्त्वांतही मुख्यतः ‘शुड’ हेच क्रियारूप आहे. आपण आंतरराष्ट्रीय कायद्याची नवी बंधने निर्माण करीत नाही, असे ती स्वतःच सांगतात. मग कंपन्यांनाच दोष का द्यावा? या आक्षेपात तथ्य आहे. त्या सौम्य क्रियारूपामागे इतिहास आहे. कंपन्यांवर थेट बंधने घालू पाहणारा ‘निकषां’चा मसुदा संयुक्त राष्ट्रांच्या उपआयोगाने २००३ मध्ये संमत केला होता, पण २००४ मध्ये मानवी हक्क आयोगाने तो स्वीकारला नाही. सौम्य भाषा ही सर्वसंमतीची किंमत होती. परंतु त्याच तत्त्वांत धोरण सर्वोच्च पातळीवर मंजूर असावे, हानीची चौकशी सतत चालावी आणि निवारणाची व्यवस्था असावी, अशी विधिसदृश अंगेही आहेत. कंपन्यांच्या लेखनात अनेकदा पहिले अंग उचलले जाते आणि शेवटचे अंग पातळ होते. फ्रान्सने मार्च २०१७ मध्ये केलेल्या दक्षता-कर्तव्याच्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना दक्षता-योजना तयार करून ती अमलात आणण्याचे बंधन घातले आणि न्यायालयात दाद मागण्याची वाट उघडली. सौम्य वाक्याला विधीचे रूप देता येते, याचे ते एक उदाहरण होय.

४

आता दुसरा प्रश्न, कारकांचा. युनिलिव्हर या मूळच्या ब्रिटिश-डच कंपनीचे उदाहरण येथे निवडण्याचे कारण असे, की या क्षेत्रात तिचे लेखन इतरांहून अधिक प्रांजळ मानले जाते. दुबळ्या लेखनावर टीका करणे सोपे असते; चिकित्सेची कसोटी चांगल्या लेखनावर लागते.

या कंपनीने व्हिएतनाममधील आपला कारखाना व पुरवठा साखळी ऑक्सफॅम या संस्थेच्या अभ्यासासाठी स्वतःहून खुली केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, वरिष्ठ पातळीवरील बांधीलकी आणि कारखान्यातील वस्तुस्थिती यांत अंतर असल्याचे दिसून आले. वेतन कायदेशीर किमान वेतनाहून अधिक होते, पण कुटुंबाच्या गरजा भागविण्यास अपुरे होते. आणि तक्रारीच्या मार्गावर कामगारांचा विश्वास कमी होता. २०१५ मध्ये कंपनीने आपला पहिला मानवी हक्क अहवाल काढला. भेदभाव, न्याय्य वेतन, सक्तीचे श्रम, संघटनास्वातंत्र्य, छळ, आरोग्य व सुरक्षितता, जमिनीचे हक्क आणि कामाचे तास असे ८ प्रश्न त्यात अग्रक्रमाचे म्हणून मांडले आहेत. आपल्या उणिवांचा उच्चार करणारा अहवाल म्हणून त्याचे मोल मान्य केलेच पाहिजे. तथापि अहवाल या प्रकाराचा स्वभावच असा, की बोलणारी आणि करणारी कंपनीच असते. कामगार हा तिच्या कृतीचे कर्म असतो किंवा तिच्या देण्याचे संप्रदान असतो. कर्तृकारक त्याच्या वाट्याला क्वचितच येते.

याच सुमारास भारतात एक जुने प्रकरण निकालाच्या टोकाशी आले होते. तामिळनाडूतील कोडाईकनाल येथे पाऱ्याच्या तापमापकांचा कारखाना होता. युनिलिव्हरने चेसब्रो-पॉन्ड्स ही कंपनी १९८७ मध्ये घेतल्यामुळे तो तिच्याकडे, आणि पुढे मुंबईत मुख्यालय असलेल्या तिच्या भारतीय कंपनीकडे आला. पारायुक्त काचेचा कचरा भंगारवाल्याच्या आवारात सापडल्यानंतर २००१ मध्ये तो बंद पडला. माजी कामगारांनी आपल्या आरोग्याची हानी झाल्याचे सांगून मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली. अशी हानी झाल्याचे अभ्यासांतून दिसत नाही, ही कंपनीची भूमिका राहिली. मार्च २०१६ मध्ये तडजोड झाली आणि ५९१ माजी कामगार व त्यांचे कुटुंबीय यांना रक्कम देण्याचे ठरले. ती रक्कम मानवतेच्या भूमिकेतून दिलेली, उपजीविका व कौशल्यवृद्धी यांसाठीची सानुग्रह रक्कम होय, असे कंपनीने जाहीर केले.

वैद्यकीय वादात कोणाची बाजू खरी, हा या लेखाचा विषय नव्हे. कारखाना बंद पडल्यानंतर पंधरा वर्षांनी हाती आलेल्या रकमेचे कामगारांच्या संसारातील मोलही कमी लेखण्याचे कारण नाही. विचारणीय आहे तो ‘सानुग्रह’ हा शब्द. लॅटिन ‘एक्स ग्रेशिया’चा हा मराठी पर्याय शासकीय व्यवहारात रूढ असून तो अत्यंत अचूक आहे. अनुग्रह म्हणजे कृपा. नुकसानभरपाई ही देणे असते, तर सानुग्रह रक्कम ही देणगी असते. नुकसानभरपाईत घेणाऱ्याचा हक्क गृहीत असतो. सानुग्रह रकमेत देणाऱ्याचे औदार्य गृहीत असते. वकिली दृष्टीने हा शब्द का निवडला जातो, हे उघड आहे : त्याने दायित्व मान्य केल्यासारखे होत नाही. परंतु त्यामुळे एकाच कंपनीची दोन वाक्ये शेजारी शेजारी उभी राहिली. एका वाक्यात आरोग्य व सुरक्षितता हा कामगाराचा हक्क म्हणून अग्रक्रमाने मांडला गेला. दुसऱ्यात त्याच विषयावरील दीर्घ वादाचा शेवट अनुग्रहाने झाला. सर्वसाधारण विधानात हक्क आणि विशिष्ट प्रसंगात कृपा, हे अंतर एका कंपनीचे नव्हे, या संपूर्ण लेखनप्रकाराचे आहे.

५

तिसरा प्रश्न असा, की या वाक्यांच्या बळावर कामगाराला काय करता येते? ऑस्टिन यांनी १९५५ च्या व्याख्यानांत, आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात, बोलणे हीच कित्येकदा कृती असते, हे दाखवून दिले. वचन देणे, नाव ठेवणे, पैज लावणे या अशा कृती होत. तक्रार करणे आणि नकार देणे याही त्याच जातीच्या. मात्र अशी उक्ती सिद्ध होण्यास अनुकूल परिस्थिती लागते. ऐकणारा नेमलेला नसेल, किंवा बोलणाऱ्याला बोलल्याची शिक्षा होणार असेल, तर शब्द उच्चारले जाऊनही तक्रार घडत नाही.

बांगलादेशातील सावर येथील राणा प्लाझाची दुर्घटना या दृष्टीने आठवावी लागते. २३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीला तडे गेलेले दिसले. तळातील बँक व दुकाने बंद झाली. कपडे शिवणाऱ्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी आत बोलाविण्यात आले. २४ एप्रिल रोजी इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मरण पावली. तेथे शिवले जाणारे कपडे पाश्चात्त्य बाजारपेठांतील ख्यातनाम कंपन्यांसाठी होते, आणि अशा कंपन्यांच्या आचारसंहितांत सुरक्षित कामाच्या जागेची वाक्ये होतीच. कामगारांना धोका दिसत होता. ‘आम्ही आत जाणार नाही’ हे वाक्य त्यांना उच्चारताही येत होते. ते वाक्य प्रभावी ठरविणारी व्यवस्था मात्र नव्हती. मे २०१३ मध्ये झालेला अग्नी व इमारत सुरक्षाविषयक करार महत्त्वाचा ठरतो, तो यामुळे. त्यावर कंपन्यांबरोबर कामगार संघटनांच्या सह्या होत्या. तो लवादामार्फत बंधनकारक होता. आणि असुरक्षित काम नाकारण्याचा कामगाराचा हक्क त्यात नमूद होता. येथे कामगार कर्तृस्थानी आला, आणि अर्थवादाला विधीची जोड मिळाली. पुढे संघटनांनी या कराराखाली लवादाकडे दाद मागितली, आणि २०१८ च्या आरंभी एका प्रकरणात २३ लक्ष डॉलर देण्याची तडजोड झाली. धोरणपत्राच्या आधारे असे काही घडणे शक्य नव्हते.

तक्रारीच्या भाषेचाही विचार येथेच केला पाहिजे. मार्गदर्शक तत्त्वांपैकी ३१ व्या तत्त्वावरील विवरणात तक्रारमार्गातील अडथळे सांगताना भाषा, साक्षरता आणि सूडाचे भय यांचा उल्लेख आहे. भारतीय कायद्याला ही जाण पूर्वीपासून होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १०८ व्या कलमाने कारखान्यातील सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही असाव्यात, असे ठरविले होते. ही तरतूद स्तुत्य होती; परंतु तिच्यातील ‘बहुसंख्य’ हा शब्द नेमका दुर्बलांना वगळतो. महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींत मराठी कामगारांबरोबर बिहार, ओडिशा वा झारखंड येथून ठेकेदारामार्फत आलेले कामगार असतात. त्यांतील अल्पसंख्याकाची भाषा फलकावर येत नाही, आणि छळाची शक्यता तर त्याच्याच बाबतीत अधिक असते. म्हणून कसोटी लावावयाची ती बहुसंख्यांच्या नव्हे, तर तक्रारदाराच्या भाषेची.

या बाबतीत स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा अधिनियम अधिक पुढे गेलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निर्णयातून उगवलेल्या या कायद्यात तक्रार लेखी हवी. पण जिला ती लिहिता येत नाही, तिला लिहिण्यास सर्व वाजवी साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य आहे, असे ९ व्या कलमात म्हटले आहे. उक्ती सिद्ध करण्याचा भार येथे बोलणारीवरून ऐकणाऱ्यावर टाकलेला आहे. मानवी हक्कांच्या इतर प्रश्नांसाठीही हेच तत्त्व स्वीकारण्याजोगे आहे.

याउलट ‘आदरवृद्धी’ची मोजणी सध्या कशी होते, ते पाहावे. केंद्र शासनाच्या २०१९ च्या जबाबदार व्यवसायविषयक मार्गदर्शक तत्त्वांतील पाचवे तत्त्व मानवी हक्कांविषयी आहे, आणि सेबीने मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना घालून दिलेल्या अहवालाच्या नमुन्यात त्यानुसार माहिती द्यावी लागते : किती जणांना मानवी हक्कांचे प्रशिक्षण दिले, किमान वेतन किती जणांना मिळते, कोणत्या प्रकारच्या किती तक्रारी आल्या. या नमुन्याचा एक गुण असा, की त्यात ‘कर्मचारी’ आणि ‘कामगार’, ‘कायम’ आणि ‘कायम नसलेले’ असे भेद करून आकडे मागितले जातात. त्यामुळे ठेक्यावरचा मनुष्य निदान रकान्यात तरी दिसतो. पण तक्रारींच्या रकान्यातील शून्य द्व्यर्थी आहे. छळ नाही म्हणून शून्य, की बोलण्याची सोय नाही म्हणून शून्य, हे आकडा सांगत नाही. प्रशिक्षण घेणाऱ्यांची टक्केवारी शंभर आणि तक्रारी शून्य, असे चित्र दिसले तर वाचकाने समाधान न मानता ती तक्रार कोणत्या भाषेत, कोणाकडे आणि कोणाच्या देखत करावी लागते, याची चौकशी केली पाहिजे.

६

भाषा हे केवळ वस्त्र आहे, खरा प्रश्न वेतनाचा, तपासणीचा आणि कायद्याच्या अंमलबजावणीचा आहे, असे या सर्व विवेचनावर म्हणता येईल. वेतन आणि तपासणी यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास काही वेगळेही सांगतो. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सुमारे ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर झाले. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेची मर्यादा, वेळेवर पगार आणि अपघात झाल्यास भरपाई, असे त्याचे स्वरूप होते. त्यात कामगारांच्या प्रतिष्ठेची स्तुती करण्याचे प्रयोजन नव्हते. काय हवे, कोणाकडून हवे आणि किती हवे, हे नेमके सांगितलेले होते. सह्या करणारे कामगार त्या वाक्यांचे कर्ते होते. १८९० च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरण्यांतून रविवारची सुट्टी सुरू झाली. मानवी हक्क ही संज्ञा तेव्हा रूढ नव्हती. हक्काची वाक्यरचना मात्र पूर्ण होती.

बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या आजच्या लेखनाची स्थिती याच्या उलट आहे. संज्ञा रूढ झाली, वाक्यरचना अपुरी राहिली. म्हणून कोणतेही धोरणपत्र, आचारसंहिता वा अहवाल वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात. स्तुतिवाक्याला मुदत आणि उत्तरदायी व्यक्ती यांसह विधिवाक्याची जोड आहे काय? हक्क सांगण्याच्या, तक्रार करण्याच्या आणि काम नाकारण्याच्या क्रियांचा कर्ता म्हणून कामगार कोठे तरी येतो काय? आणि ज्याला हे वाक्य सर्वांत अधिक उपयोगी पडावयाचे, त्या ठेक्यावरच्या, परभाषी, कदाचित निरक्षर मनुष्याला ते त्याच्या भाषेत ऐकावयास मिळते काय? पदव्युत्तर अभ्यासकांना यात संशोधनाचे विस्तृत क्षेत्र आहे. एकाच कंपनीच्या धोरणाची इंग्रजी, हिंदी व मराठी रूपे समोर ठेवून त्यांतील कर्तृलोप, क्रियारूपे आणि संज्ञांचे पर्याय यांची तुलना केली, तरी हक्काचे अनुग्रहात रूपांतर नेमके कोणत्या पायरीवर होते, हे दाखविता येईल. ती पायरी सापडली, तर ती दुरुस्त करण्याचे काम भाषांतरकाराच्या टेबलावरही होऊ शकेल.